मागणं काय, तर गरम पाणी

...नाही, तुम्हीच सांगा, टबात माणसं किती मावतात हा प्रश्न माणसानं सकाळी दात घासताना ऐकायचा का? माझ्या तोंडात फेस, आणि फोनवर आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, विचारतायत की टब चार जणांचा म्हणजे कुठल्या चार जणांचा, आपल्या घरातल्या की जाहिरातीतल्या... कारण जाहिरातीतली माणसं सडसडीत असतात. आता याला काय उत्तर देणार? चूळ भरली आणि म्हटलं, विचारून सांगतो. हल्ली मी दुसरं काही करतच नाही, नुसता विचारून सांगतो.

आणि मुळात मागणं काय होतं, तर गरम पाणी.

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली आमच्या हिच्यापासून. बायको माझी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. खिडकी म्हणजे काचेला एक गोल भोक, त्या भोकातून दिवसभर लोक ओरडतात, पाणी का आलं नाही, आलं ते गढूळ का, पाणी गढूळ तर बिल एवढं स्वच्छ कसं... ही सगळं ऐकून घेते, घरी येते, तर दारातच आई विचारते माझा चष्मा पाहिलास का, लेक विचारते माझा निळा टॉप कुठाय, आणि मी... मीही काहीतरी विचारतोच, सवय असते हो. तर एक दिवस ती आली, खांद्यावरची पर्स न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "मला समुद्राकाठी कुठल्यातरी खेड्यात जायचंय. अंगणात गरम पाण्याचा टब असेल अशा घरात. गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं आणि समोर बघायचं. बास."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. मलाही उमाळा आला. म्हटलं, जाऊ या की, आपण दोघंच. आणि इथेच घोटाळा झाला, हे 'दोघंच' मी जरा मोठ्यानं बोललो. आतल्या खोलीतून आई म्हणाली, जा हो, खुशाल जा, माझं काय, मी राहीन एकटी, मला काही झालंच तर शेजारी आहेतच... ते ठार बहिरे आहेत ते सोडा.

आई आली.

आई येणार म्हटल्यावर लेकीला मागे कुठे ठेवणार? तिनं एवढंच विचारलं, तिथं नेट आहे का. मग आईनं ताईला फोन केला, की हे लोक मला समुद्रावर नेतायत. नेतायत! जसं काही बुडवायलाच. ताई म्हणाली, आईकडे बघायला मी येते. आणि ताई आली की भाऊजी येतातच, सुईमागं दोरा, त्याला वेगळं बोलवावं लागत नाही. झालो आम्ही सहाजण. आणि मागणं काय, तर गरम पाणी.

मग बैठका. दर रविवारी, आमच्याच घरात. पहिलं घर हिनं स्वतः शोधलेलं, फोटोत टबाच्या काठावर दोन ग्लास आणि पलीकडे नुसता समुद्र. आईनं फोटो नाकाशी नेला आणि कोपऱ्यातला जिना शोधून काढला. बाद. दुसऱ्या घराला जिना नव्हता, पण समुद्रही नव्हता, मालक म्हणाला दिसतो की, न्हाणीघरातल्या स्टुलावर उभं राहिलं की स्वच्छ दिसतो. तिसऱ्याला नेट नव्हतं, लेक तीन दिवस जेवताना कुणाशी बोलली नाही. चौथं भाऊजींनी बाद केलं. भाऊजी जन्मभर विमा कंपनीत नुकसान मोजायला होते, काहीतरी कोसळल्याशिवाय यांना कुणी बोलवायचंच नाही, त्यामुळे न कोसळलेली वस्तू त्यांना बघवत नाही. म्हणाले, "टब लाकडी फळ्यांवर आहे. टबाचं वजन, पाण्याचं वजन, वर आपण. फळ्यांचा विचार कुणी केलाय?" कुणीच केला नव्हता. मग सगळ्यांनी मिळून तासभर फळ्यांचा विचार केला.

आणि ही? ही चहा करत होती. प्रत्येक बैठकीत. चर्चा हिच्या सुट्टीची, आणि हिचं मत काय, तर आतून आवाज, साखर कुणाकुणाला नको...

शेवटी एक घर मिळालं. बैठं, समुद्र समोर, नेट येतं पण गच्चीवर. मालकीणबाई भल्या, पण त्यांच्याकडे वारा इतका की फोनवरचं अर्धं वाक्य वाराच घेऊन जायचा. "टबात उतरण्याआधी..." सूंऽऽ "...नाहीतर मोटर..." सूंऽऽ "...मागच्या वेळी एका गृहस्थांनी..." सूंऽऽ. काय केलं त्या गृहस्थांनी? मला आजतागायत कळलेलं नाही. भाऊजींची मात्र त्या गृहस्थांपायी झोप उडाली, असं ताई सांगत होती.

ताईनं मग टबाच्या पाळ्या लावल्या. सकाळी आई, सांधे दुखतात म्हणून. आईनंतर भाऊजी, पाणी अजून गरम आहे का ते बघायला. दुपारी लेक, संध्याकाळी ताई. मी विचारलं, आणि हिची पाळी? ताई म्हणाली, "अरे, ती काय, घरचीच आहे. मधे कधीही बसेल."

ही दारात ट्रे घेऊन उभी होती. ट्रे ठेवला, रिकामे कप उचलले, आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो नळ बंद झाला नाही. मी उठून जायला हवं होतं, मला कळत होतं हो... पण तेवढ्यात भाऊजींनी विचारलं, टबाला झाकण आहे का.

निघायचा दिवस उजाडला. गाडी एकच, कारण दोन कशाला, असं भाऊजींचं म्हणणं, त्यांची दुरुस्तीला गेली होती. डिकीत आईची टेकायची खुर्ची, ताईच्या दोन उशा, भाऊजींचा पाण्यात बुडवायचा थर्मामीटर. मागे आई, ताई, लेक. पुढे भाऊजी, आणि चालवायला मी. ही फाटकापाशी, हातात घराची किल्ली. मी म्हटलं, सरका जरा, ती बसेल. तिघी सरकल्या, म्हणजे तिघींनी श्वास आत घेतला. त्यातून जी काही फट पडली तिच्याकडे हिनं एकदा बघितलं.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"अगं, पण टब..."

"असू दे. मी आहे इथे."

आणि तुम्हाला सांगतो, हे म्हणताना तिचे खांदे खाली आले. कानापासून सुटून आपल्या जागी आले. इतकी वर्षं मला वाटायचं तिची मानच आखूड आहे. मी उतरणार होतो, खरंच उतरणार होतो, पण आई म्हणाली खिडकी लाव, वारा लागतोय, मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि गाडी पुढे गेली. कोपऱ्यावर आरशात पाहिलं, तर हात हलवायला फाटकात कुणी नव्हतं. दारसुद्धा लागलेलं होतं.

तिथलं काय सांगू? घर छान, समुद्र छान, पाणी गरम. आमची आई, जी इतके दिवस म्हणत होती की पाण्यात बसायला एवढ्या लांब कशाला, घरात बादली आहे, ती टबात उतरली ती बाहेरच येईना. चहा टबात, पेपर टबात. ताईच्या पाळ्या गेल्या वाहून. भाऊजी काठावर थर्मामीटर धरून वाकलेले, फळी कुरकुरली की दचकायचे. आणि मी? मी झाकणाला. झाकण उचलायचं, झाकण ठेवायचं, आणि ते इतकं जड, की पाठीत उसणच भरली... मालकीणबाई तेही बोलल्या असणार, वाऱ्यानं नेलं असणार.

मागणं काय, तर गरम पाणी. आणि जिनं मागितलं ती सोडून सगळे ओले.

मी ताट तसंच सोडून उठलो. गच्चीवर जाऊन फोन लावला. विचारलं, काय करतेयस? "काही नाही," ती म्हणाली. तुम्ही कधी कुणाला 'काही नाही' असं म्हणताना ऐकलंय, जसं काही तोंडात पिकलेलं फळ आहे? मागे टीव्ही नाही, भांड्याचा आवाज नाही, एक पंखा तेवढा फिरत होता. मी म्हटलं, "मी येऊ का निघून?"

"नको," ती फार पटकन म्हणाली. मग जरा सावरून, "आईंना मानवलंय ना? राहा की अजून."

परत आलो. दार तिनंच उघडलं. चेहरा असा ताजा, की समोरच्या बाई तिलाच विचारत होत्या, कुठे जाऊन आलात? ओट्यावर एकच कप उपडा घातलेला. आई, ताई, भाऊजी, लेक, सगळे एकदम बोलायला लागले, टब असा, पाणी तसं, आणि ही शांतपणे ऐकून घेत होती, आणि मग म्हणाली, पुढच्या वर्षीचं मी बुकिंग करून टाकलंय. तेच घर. पूर्ण आठवडा. पाच जणांचं.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजलं कुणीच नाही. मी मोजलं. तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "चार जणांचं नाही का गं करता येणार?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मायेनं बघितलं, खोटं कशाला सांगू. म्हणाली,

"आणि गाडी कोण चालवणार?"