करीमचाचांची झोप

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत आमच्या शेजारी करीमचाचा शिंपी राहायचे, त्यांचं सांगतो. चाची लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कुशीवर वळवायला चाचा रात्रभर उठायचे. पुढं त्यांच्याच छातीत धडधडायला लागलं, म्हणून मी त्यांना धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं.

"किती झोपता?"

"तीन तास. लई झाले."

"रक्तदाब वाढलाय. गोळ्या देतो, पण सहा-सात तास झोपला नाहीत तर हृदय थकेल."

घरी चाचा म्हणाले, "पित्त झालंय." मी मात्र चाचींना खरं सांगितलं. त्यांनी माझ्या आईला विचारलं, "वहिनी, रातच्याला याल का?" आई लगेच हो म्हणाली. चाचा मात्र ऐकेनात.

चाची म्हणाल्या, "चार वर्षं माझ्यासाठी जागलात. आता माझ्यासाठीच झोपा."

चाचांनी भरदुपारी दुकान बंद केलं आणि दिवेलागणीपर्यंत झोपले.