कुलगुरूंची आरोळी

आपला रशीद कुलगुरू झाला ना, तेव्हाची गोष्ट. सेनगावच्या कॉलेजात त्याचा सत्कार, अन् अलीकडं गोरेगावातच त्याची गाडी बंद पडली. आमी दोघं शिटा भरून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो, तर ड्रायव्हर म्हणतो, "भरल्याबिगर निघत न्हाई." तिकडं प्राचार्य हार घेऊन ताटकळलेले! रशीद उतरला, कोट माझ्या हातात दिला अन् पोरपणी जीपच्या अड्ड्यावर शिटा गोळा करताना द्यायचा तशी आरोळी दिली, "चला सेनगाऽव!" पाच मिनिटांत जीप गच्च. स्वतः मागं लटकला.

सेनगावात तो भाडं द्यायला गेला, तर ड्रायव्हरनं हात जोडले. "आवाज देणाऱ्याकडून घेत न्हाई. काय करता तुमी?"

"विद्यापीठात कुलगुरू हाय."

"तिथं तकलीफ झाली तर इकडं या. कायमचं ठेवून घेतो."