मुखपृष्ठावरचा डॉल्फिन

डहाणूहून तलासरीला निघालेल्या एसटीत जयवंती भांडून मिळवलेल्या खिडकीशी ऐटीत बसली होती. शेजारी समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन पोरी खिदळत होत्या.

"शितल, मी बोटीवर नव्हते तेव्हाच बरा डॉल्फिन दिसला! तू काय करत होतीस?"

"नेहमीचंच. कडेवरून वाकून ओकत होते. डोळे उघडले, तर समोर तो!"

"मग?"

"दोघंही दचकलो!"

"फोटो?"

"सरांनी काढला. इतक्या जवळून कुणालाच मिळाला नव्हता. अहवालाच्या मुखपृष्ठावर घेताहेत."

"तुझ्यासकट?"

"मला कापलं तर त्याचं तोंडही जातं गं!"

दोघी हसून हसून लोळल्या. तेवढ्यात बस वळणाला लागली.

"शितल? अगं, गप्प का झालीस?"

जयवंती टुणकन उठली. "ये बाय, तू बस खिडकीत!"