मुका पाहिलेला पिक्चर

त्या पिक्चरचं मला अजून वाईट वाटतं बघा. आमच्या टेंभुर्णीच्या शाळेत दर शनिवारी पिक्चर असायचा; पोरांना दाखवण्याजोगा हाये का न्हाई, हे मीच आधी बघून ठरवायचो. हा परग्रहावरच्या लोकांचा, विनोदी. शेजारच्या वर्गात परीक्षा चालू होती, म्हणून आवाज बंद करून पाहिला. यान, यंत्रमानव, सगळं बराबर वाटलं. "दाखवा बिलकुल," म्हणलं.

शनिवारी दहावीची पोरं बसली अन् यानाचा कप्तान पहिलंच वाक्य इतकं चावट बोलला की मुख्याध्यापकांनी वायरच उपटली. शनिवारचा पिक्चर त्या दिवसापासून कायमचा बंद.

पडदा गुंडाळताना एक पोरगी जवळ आली. "सर, हा आम्ही मोबाईलवर कव्हाच पाह्यला. सगळ्यांनी मिळून बसायचं म्हणून आल्तो."