चार सत्तेचाळीसची मालगाडी

भिवा: उभा कामून? ह्या बाकड्यावर बस. अजून अर्धा घंटा गाडी न्हाई.

बेबीनंदा: राहू द्या उभा. तीनदा गेटपोतर येऊन परत गेला ह्यो. बसायची हिंमत आली का बसंल.

हरिओम: तुम्ही बघितलं, मावशी?

बेबीनंदा: सोमवारी बाभळीपशी थांबलास. बुधवारी हेल्मेट काढलं, परत घातलं. काल तर गेट उघडं असून पलीकडं गेला न्हाईस. मला वाटलं, एखाद्या इंजिनाची वाट बघून राह्यला. पण गळ्यात कॅमेरा नव्हता.

भिवा: बेबी, आधी पाणी दे त्याला. हरिओम, पदवी झाली ना रे तुझी?

हरिओम: झाली, मामा. बीएस्सी, फिजिक्स.

भिवा: बरं झालं, तूच आलास. मलाच तुला फोन करायचा व्हता. पण म्हणलं, पोराला कामून गुंतवायचं.

हरिओम: कशात?

भिवा: त्या फोटूत.

बेबीनंदा: त्याला म्हाईत हाय. तोंड बघा की त्याचं.

भिवा: त्याला कसं म्हाईत असंल? हे बघ, घाबरू नको, तुझ्यावर काहीच न्हाई. ती डिझेलची शेवटची मालगाडी, दोन इंजिनं जोडलेली. स्टेशनातून घंटी आली आन् मीच तुला मिसकॉल दिल्ता.

हरिओम: चार एकतीसला.

भिवा: असंल. तुझं ध्यान पक्कं. तू बद्रीनाथच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभा राह्यलास. फोटू लई गाजला म्हणे. तो फिरत फिरत आमच्या साहेबाच्या मोबाईलात गेला. साहेबानं बोटानं मोठा करून बघितला. ही गेटवाल्याची गुमटी दिसती, बंद गेट दिसतं, मी न्हाई.

हरिओम: मामा—

भिवा: ऐकून घे. गाडी जाताना गेटवाल्यानं हिरवी झेंडी धरून गाडीकडं तोंड करून उभं राहायचं. चाकातून धूर निघतो का, डब्याखाली काही लोंबकळतंय का, शेवटच्या डब्यापोतर बघायचं. चौतीस वर्षं तेच करून राह्यलो. आन् फोटूत माझी जागा रिकामी. फोटूखाली किलोमीटर लिव्हलेला, टाईम लिव्हलेला.

बेबीनंदा: सेकंद बी लिव्हलेत. सेकंद!

हरिओम: सोळा सत्तेचाळीस वीस.

बेबीनंदा: बघा. पाठ हाय.

भिवा: साहेब म्हणले, असा पक्का पुरावा आमच्या माणसाला बी देता येत न्हाई. चार्जशीट आलं. डायव्हरला इचारलं तर तो म्हणला, रोज इतके गेट लागतेत, आठवत न्हाई. गार्डाचं बी तेच. मी रजिस्टर दाखवलं, तर म्हणले, लिव्हायला काय लागतंय. परवा चौकशी हाय. म्हणून तुलाच इचारायचं व्हतं. तू समोर व्हतास. मी कुठं व्हतो?

हरिओम: तुम्ही...

भिवा: खरं सांग. मला वाईट न्हाई वाटणार, मी मानलंच आता. बीपीची गोळी नवी व्हती, झापड आली असंल. आधी मला बराबर आठवत व्हतं का मी उभा व्हतो. मंग तो फोटू बघितला. रोज बघितला. आता तर असं आठवायला लागलं का मी गुमटीच्या मागं बसलो व्हतो, भिताडाला पाठ लावून. भिताड गरम लागून राह्यलं व्हतं, ते बी आठवतंय.

बेबीनंदा: कधी बसले न्हाईत हे! मी नेमकी त्या दिवशी कापूस वेचायला गेल्ते. न्हाईतर साहेबाच्या तोंडावर सांगतलं असतं.

भिवा: म्हणून आता हिला बसवतो हितं.

हरिओम: कशाला?

भिवा: गाडी आली का हिनं माझ्याकडं बघायचं. गाडी गेली का मी इचारतो, व्हतो ना उभा? ही म्हणती, व्हते. मंगच रजिस्टरात लिव्हतो.

बेबीनंदा: दीड महिना झाला. रोजगार सोडून नवरा बघत बसते. लग्नात बी एवढं बघितलं नव्हतं.

भिवा: आन् हा अर्ज मीच केलाय. वाच. ‘मला गेटच्या कामावरून काढून दुसरं काम द्यावं. माझा मलाच भरवसा राहिलेला नाही.’ हितून शाळेची गाडी जाती, हरिओम. चाळीस लेकरं असतेत तिच्यात. रिटायर व्हायला सात महिने राह्यले माझे, ते झाडू मारून काढीन. ह्या दुसऱ्या कागदावर चूक कबूल केली का साहेब म्हणले हलक्यात सोडू. सहीच राह्यली. पेन हाय का तुझ्यापशी?

हरिओम: सही करू नका, मामा.

भिवा: कामून?

हरिओम: तुम्ही उभे होता.

बेबीनंदा: काय म्हणलास?

हरिओम: उभे होता. झेंडी हातात, तोंड गाडीकडं.

भिवा: मंग फोटूत?

हरिओम: फोटूतून मी काढलं तुम्हाला.

भिवा: काढलं म्हणजे?

हरिओम: कम्प्युटरवर. माणूस पुसता येतो. तुमच्या जागी मागचं रान भरलं. झेंडीचा हिरवा रंग धुराच्या आधी डोळ्यात जात होता. मला फ्रेम साफ पाहिजे होती.

भिवा: पुसता येतो?

हरिओम: येतो. चार मिनिटं लागली.

बेबीनंदा: चार मिनिटं. आन् ते तारांचे खांब? ते तर हायेत की फोटूत.

हरिओम: खांब ठेवले.

बेबीनंदा: ते न्हाई खुपले?

हरिओम: खांब काढले असते तर खोटं झालं असतं, मावशी. खांब उभे राहिले, विजेचं इंजिन येणार, म्हणून डिझेल बंद झालं. ती नोंद आहे. ती बदलायची नसते.

बेबीनंदा: खांब काढला तर खोटं. माणूस काढला तर साफ.

भिवा: बेबी.

बेबीनंदा: माझी बकरी बांधलेली व्हती तिथं. ती?

हरिओम: ती पण काढली.

बेबीनंदा: चला. त्येवढा तरी इन्साफ केला.

हरिओम: मूळचा फोटो आहे माझ्याजवळ. एकवीस फोटो आहेत त्या गाडीचे. हे बघा, मामा. हा पहिला.

भिवा: चष्मा दे गं. कुठाय?... ह्यो मी?

हरिओम: हो. असं मोठं करून बघा.

भिवा: टाचा जुळवल्यात.

बेबीनंदा: टोपी बी सरळ हाय. आन् हे म्हणून राह्यले बसलो व्हतो!

भिवा: मंग ते भिताड? ते गरम लागलेलं?

हरिओम: ते मनानं तयार केलं असेल, मामा. एकदा फोटो खरा मानला की डोकं त्याला जुळेल तसं आठवून देतं. यावर प्रयोग झालेले आहेत.

बेबीनंदा: तुझा बी एक झाला मंग.

भिवा: तुला कधी कळलं हे चार्जशीटचं?

हरिओम: स्टेशनसमोर धर्मराजच्या हॉटेलात. चहा पिताना तो म्हणाला, भिवामामा आता गेटवर झोपतेत. म्हातारे झाले.

भिवा: कधी?

हरिओम: बावीस दिवस झाले.

बेबीनंदा: बावीस! आन् तू आज आलास?

हरिओम: त्या फोटोला बक्षीस आहे, मावशी. आमचा इंजिनांचे फोटो काढणाऱ्यांचा ग्रुप आहे, देशभरातले लोक आहेत. नियम होता, फोटोत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. तसं मी लिहून दिलं होतं.

बेबीनंदा: घे.

हरिओम: आणि जालन्याची एक मोनाली होती. तिनं फोटोत धूर वाढवला होता. मी दोन फोटो शेजारी ठेवून, मोजून दाखवलं. सगळ्यांसमोर. तिला ग्रुपातून काढायला लावलं. मला तिथं पुराव्या म्हणतात.

भिवा: पुराव्या?

हरिओम: कुणी काही टाकलं की मी पुरावा मागतो म्हणून.

भिवा: अस्सं.

हरिओम: ह्या पेनड्राइव्हमध्ये सगळे एकवीस फोटो आहेत, वेळेसकट. परवा साहेबांना द्या. तुमच्यावरचं सगळं जाईल.

भिवा: साहेब इचारतीन, कुणी दिलं?

हरिओम: सांगा, कुणीतरी आणून दिलं. अजून एक जण होता धुऱ्यावर, त्यानं काढलेले आहेत.

बेबीनंदा: व्हता का?

हरिओम: नाही.

बेबीनंदा: मंग जो नव्हता त्याला फोटूत घालायला निघालास का आता?

हरिओम: मावशी, माझं नाव आलं तर—

भिवा: हरिओम, मी दीड महिना स्वतःवर खोटा आळ घेऊन बसलो. म्हाईत नव्हतं म्हणून घेतला. आता म्हाईत असून खोटं कसं बोलू? अन् साहेबापुढं मला धड बोलता बी येत न्हाई. खरं असलं तरी माझी त-त-प-प व्हती.

बेबीनंदा: उचल ते डबडं. उचल. पेनड्राइव का काय ते. आमाला नको. ज्यानं पुसलं त्यानं येऊन सांगावं.

हरिओम: येतो.

बेबीनंदा: परवा बाभळीपशी थांबशील.

हरिओम: नाही थांबणार. आत्ताच ग्रुपात लिहितो. तिथं गेलं की मला परत फिरता येणार नाही.

भिवा: बस मंग आता तरी. उभ्यानं कसं लिव्हशील?

हरिओम: नको.

बेबीनंदा: लिव्हून वाचून दाखव. सेकंदासकट.

हरिओम: ‘सोळा सत्तेचाळीस वीसचा माझा बक्षीस मिळालेला फोटो खोटा आहे. त्यातून मी ड्युटीवरच्या गेटमनला पुसलं. ते त्यांच्या जागेवर हिरवी झेंडी घेऊन उभे होते. माझ्या फोटोमुळं त्यांच्यावर चौकशी लागली. हे कळूनही मी बावीस दिवस गप्प बसलो. मूळ फोटो सोबत जोडत आहे. गेटमनचं नाव भिवा—’ मामा...

भिवा: काय झालं?

हरिओम: आडनाव.

भिवा: माझं?

बेबीनंदा: चार वर्षं हितं चहा पिऊन राह्यलास ना रे? ते इंजिन कोणत्या शेडचं, कोणत्या साली बनलं, नंबर काय, सगळं सांगत बसायचास ह्यांना. मी ऐकलंय.

हरिओम: हो.

बेबीनंदा: नंबर सांग त्या इंजिनाचा.

हरिओम: मावशी, नको.

बेबीनंदा: आठवतो ना?

हरिओम: दोन्ही इंजिनांचे आठवतात.

भिवा: साळवे लिव्ह. भिवा रामा साळवे. रामा सुटू देऊ नको, माझ्या बापाचं नाव हाय.

हरिओम: ‘भिवा रामा साळवे.’ आणि मोनालीची माफी, ती शेवटी लिहिली... पाठवलं.

बेबीनंदा: गेलं?

हरिओम: गेलं. वाजायला पण लागला फोन.

बेबीनंदा: वाजू दे. उचलू बी नको आन् बंद बी करू नको. आमचा बी असाच वाजला दीड महिना. पाव्हणे-राव्हणे, सगळे इचारायचे, झोपले व्हते का?

भिवा: बास कर, बेबी. पोरगं आलं ना. त्याच्या जागी दुसरा असता तर आला बी नसता.

बेबीनंदा: असं लवकर माफ करू नका तुमी. त्यालाच सोसायचं न्हाई ते.

हरिओम: मामा, तुम्ही शिव्या द्या मला.

भिवा: शिव्या देऊन काय व्हतंय? मला एकच कळंना. तू गुमटीत येऊन म्हणला असतास, मामा, झेंडी फोटूत येऊन राह्यली, तर मी काय म्हणलो असतो?

हरिओम: काय?

भिवा: हटलो नसतोच. पण तुला सांगतलं असतं, धुऱ्यावरून पन्नास पावलं खाली जा. तिथून गुमटी इंजिनाच्या आड जाती. फोटू साफ आला असता, आन् मी बी जागेवर राह्यलो असतो. तू इचारलंच न्हाई.

हरिओम: नाही विचारलं.

बेबीनंदा: घंटी वाजली. गाडी सुटली.

भिवा: नांदेडकडची. बेबी, तू बस. आता बघायची गरज न्हाई. फाडून टाक तो अर्ज बी.

बेबीनंदा: पक्कं?

भिवा: पुरावा आला ना आता. तिकडं तोंड करून बस. जरा आराम कर.

(फाटक खाली येतं. विजेच्या इंजिनाची गाडी जवळ येते, मोठा आवाज करत निघून जाते. फाटक वर जातं. बाकड्यावर हरिओमचा फोन अजून वाजतो आहे.)

भिवा: गेली बराबर. सगळं ठीक... बेबी.

बेबीनंदा: काय?

भिवा: व्हतो ना उभा?

बेबीनंदा: मी न्हाई बघितलं. तुमीच म्हणले ना, तिकडं तोंड कर.

भिवा: हां. मीच म्हणलो.

हरिओम: मी बघितलं, मामा. उभे होता तुम्ही. शेवटच्या डब्यापर्यंत.

भिवा: तू बघितलं?

हरिओम: हो.

भिवा: बरं... बेबी, पुढच्या गाडीला तू बघ.