उभी गाडी

केबिन सजवणाऱ्याच्या दुकानात ड्रायव्हर आपल्या ट्रकचा नंबर लागायची वाट पाहत बसला होता. पुढे एक बाई कारागिराला काम सांगत होती.

"डॅशबोर्डला स्टीलची पट्टी लावा दादा, आणि गिअरला चकचकीत मूठ."

"पेडलना पण स्टीलची कव्हरं लावू वहिनी, उठाव येतो."

"पेडलना नको. आमच्या ह्यांचे दोन्ही पाय गेलेत, अपघातात."

"अरेरे. मग गाडी चालवतं कोण?"

"कोणी नाही. दारातच उभी असते. सकाळी मी आणि दीर मिळून ह्यांना उचलून वर बसवतो. दिवसभर स्टिअरिंग धरून बसतात. घरात आणलं की भिंतीकडे तोंड करून पडतात."

"बरं, दिरांना गाडी इकडे घेऊन यायला सांगा."

"तुम्हालाच घरी यावं लागेल. हे दवाखान्यात होते तेव्हा इंजिन विकलं आम्ही."

कारागिराने दाखवायला काढलेली गिअरची मूठ खाली ठेवली.

"त्यांना माहीत आहे?"

"आम्ही सांगितलं नाही."

"अहो, एक दिवस गाडी सुरू करायला जातील की."

"किल्ली माझ्याकडेच असते. त्यांनी अजून एकदाही मागितली नाही."

ड्रायव्हरचा हात नकळत खिशातल्या किल्लीवर गेला. त्याला हाक आली, तरी तो उठला नाही.