गोदाचा पत्रा

— नाय ओ, घाई करून काय उपयोग नाय. रघूची भट्टी आहे ही, तिच्या मनाला येईल तेव्हाच देणार. बसा इथे बाकावर, मीपण तासभर बसलेय. मैदा, तूप, साखर घरून आणून दिली की आपलं काम संपलं — रघू मळणार, पाडणार, पत्र्यावर मांडून आत सरकवणार, आपण डब्यात नावाची चिठ्ठी टाकून वाट बघायची. तुमच्या देवरूखलापण असंच ना? देवरूखच्याच म्हणालात ना मघाशी? इथे मांडवीत कोणाकडे आलात? — राहू दे, ते मागनं सांगा, आधी माझं पुरं होऊ दे. तर काय सांगत होते? हां, माझा नातू. स्वरूप. इंग्लंडचा. नऊ वर्षांचा आहे. उद्या सकाळी जाणार.

माझा सर्वेश, त्याचा बाप — आधी जयगडला बंदरात होता, मग जहाजावर गेला, मग इंग्लंडात उतरला तो उतरलाच. आणि आमच्या धाकट्या जावेची, गोदाची, मुलगी अमेरिकेत. झालं! सर्वेशने मला बिस्किटांचं पाकीट पाठवलं की गोदाच्या दीपालीने डबा पाठवलाच म्हणून समजा. तुम्ही खाल्लीत कधी तिकडची? नाय? मग मी सांगते. इंग्लंडचं बिस्किट म्हणजे पातळ, कडक, साधं. चहात बुडवायचं, तीन आकडे मोजायचे, उचलायचं. एवढंच. अमेरिकेत त्याला कुकी म्हणतात आणि ती असते तळहाताएवढी, चॉकलेटचे खडे घातलेली, मधे मऊ — मऊ म्हणजे कच्ची वाटावी इतकी — आणि चहाबरोबर नाय, थंड दुधाबरोबर खातात! आणि बिस्किट म्हणून जे असतं ना त्यांचं, ते पावासारखं फुगलेलं, खारट, वर पांढरी आमटी ओतून खातात म्हणे सकाळच्या पारी. आता ही काय खायची रीत झाली? पण गोदाला सांगून बघा. ‘वहिनी, आमच्या अमेरिकेत सगळं मोठंच असतं.’ आमच्या अमेरिकेत! हिने मुंबईच्या पलीकडे काय बघितलंय?

जळतेय असं वाटतंय ना तुम्हाला? जळतेय तर जळतेय. तीस वर्षं एकाच अंगणात राहून बघा, मग बोला. मी बांगडा तळला की हिचं सुरमईचं कालवण. मी घराला रंग काढला की हिच्या घराला लाद्या. पण नातवाच्या बाबतीत तरी मी पुढे होते ओ, हिच्या दीपालीला अजून काय नाय, देव देईल तेव्हा देईल. नातू माझा. तीन आठवडे माझा. असं मी धरून बसलेले.

तर तो आला त्या पहिल्या रविवारी मी इथे नानकटाई करायला घेऊन आले. वेलदोडा, जायफळ, घरचं तूप. आणि बघते तर गोदाचा डबा माझ्या आधी रांगेत! दीपालीने फोनवरून कृती सांगितलेली, सगळं कपाच्या मापाने, तिकडे वजन करतच नाहीत. स्वरूप आला म्हणून अमेरिकन कुकी करणार, माझ्या नातवाला! बरं, गोदा स्वतः नव्हती, बाजारात गेलेली. रघूने तिचा पत्रा काढला — मऊ, बोट लावलं तर रुतेल. मी म्हटलं, ‘रघू, कच्ची आहेत रे. परत घाल.’ तो म्हणाला, ‘गोदावहिनींनी अशीच काढायला सांगितलीत.’ मी म्हटलं, ‘तू चाळीस वर्षं भट्टी चालवतोस आणि कच्चं देणार लोकांना? नाव कोणाचं जाईल? परत घाल.’ घातलीन. चांगली वीस मिनिटं.

असं बघू नका माझ्याकडे. जीव नाय घेतला मी कोणाचा. बिस्किटं होती.

मग संध्याकाळी गोदाने सगळ्यांदेखत डबा उघडला — कौलाच्या तुकड्यासारखी कडक! तिचा चेहरा एवढासा झाला ओ. आणि मला — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. मी माझी नानकटाई पुढे केली. स्वरूपने घेतली, चहात बुडवली, एक म्हणेपर्यंत विरघळून कपाच्या तळाशी गाळ. आता नानकटाई बुडवतात का? पण त्याला कोण सांगणार, त्याला सवयच ती. मग त्याने गोदाचं ते कडक उचललं, बुडवलं, एक, दोन, तीन मोजलं, खाल्लं आणि म्हणाला, ‘आजी, हे आमच्या घरच्यासारखं आहे!’ आजी म्हणाला ते तिला! मी तिथेच बसलेली!

करायला गेले गणपती, झाला मारुती. तेव्हापासून रोज चारच्या ठोक्याला पोरगा गोदाच्या ओटीवर. दोघं कप घेऊन बसतात, मोजतात काय, हसतात काय. ती आता इंग्रजीत मोजते! माझा डबा आहे तसाच आहे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं. आणि गोदाला अजून कळलं नाय ती कडक कशी झाली. सगळ्यांना सांगते, रघूची चूक माझ्या पथ्यावर पडली. रघू बिचारा आळ सोसतो. माझ्याकडे बघतो आणि पुढचा पत्रा आत सरकवतो, ते मला जास्त लागतं.

आता आज काय झालंय बघा. नेत्रा, माझी सून, म्हणाली बॅगेत एकच डबा बसेल, कोणाचा न्यायचा ते स्वरूपच ठरवेल. म्हणजे परीक्षाच झाली की! गोदाने सकाळीच डबा पाठवला इथे, रघूला निरोप — मागच्यासारखीच कर, दुप्पट वेळ भाज. आणि मी आज नानकटाई नाय आणली. हो. मीपण कडकच करायला सांगितली, वेलदोडासुद्धा घातला नाय, वेलदोड्याशिवाय माझ्या हातचं काय राहिलं त्यात? पण म्हटलं होऊ दे, त्याच्या घरच्यासारखी होऊ दे. आणि गोदाची...

गोदाची मी मघाशी मऊच काढायला लावली. रघूला म्हटलं, निरोप बदललाय, तिला अमेरिकन पद्धतीचीच हवीत, तिनेच सांगितलंय मला. तो बघा तिचा पत्रा, कट्ट्यावर निवतोय. उद्या डबा उघडला की — आता मला सांगा, माझं काय चुकलं? तो पुढच्या खेपेला येईल तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. मिशी फुटायला लागेल. तेव्हा तो बसेल का कोणाच्या ओटीवर मोजत? हाच एक डबा आहे ओ. तिकडे इंग्लंडात, लेस्टरच्या थंडीत उघडेल आणि म्हणेल, ही माझ्या आजीची. एवढंच पायजे होतं मला.

रघू हाक मारतोय. कोणाचा डबा? गोदाचा? तिचं माणूस आलंय न्यायला? कोण आलंय रे, मला तर कोणी दिसत —

तुम्ही का उठलात?

अस्सं. गोदाच्या भाचेसून. देवरूखच्या. म्हणूनच कधी बघितलं नाय. आणि मी विचारलं तेव्हा — हां, मीच म्हटलं, मागनं सांगा.

गोदाची चिठ्ठी नको दाखवू मला. थांब. डब्याला हात लावू नको, थांब जरा.

रघू! गोदाचा पत्रा परत आत घाल. कच्ची आहेत. — हो, मीच सांगतेय. दुप्पट वेळ, तिने सांगितलेली तशीच. निरोप बदलला नव्हता.

वीस मिनिटं लागतील, बस तू. माझा डबा झालाय, मी निघते. गोदाला काय सांगायचं ते सांग, मी नको म्हणत नाय. फक्त स्वरूपसमोर नको. उद्या तो गेला की सांग.

आता काय बोलू नको माझ्याशी. माझा डबा दे इकडे, गरम आहे, पदराने धरते.